वीतभर गिट्टी

पुण्याची वहिनी खडी म्हणते.
आम्ही गिट्टी म्हणतो.
ट-वर ट, घट्ट,
मध्ये बोट शिरत नाही.

मानेवाड्यात घरामागे, सीताफळाला वळसा घालून
माझी लाइन: एकोणीस मीटर.
दोन रुळांत पंचेचाळीस मिलिमीटर,
इंजिन शिल्लक रजेच्या पैशांतून.
अठ्ठावीस वर्षं बांधकाम खात्यात ट्रेसर होते,
दुसऱ्यांचे पूल शाईनं गिरवले.
प्रमाण मला कळतं. एकास साडेबावीस.

आधी आणले नर्सरीतले पांढरे गोटे,
वाटाण्याएवढे, गुळगुळीत, पुड्यांत बांधलेले.
देखणं दिसायचं.
एका सकाळी मांजर वळणावरून चालत गेलं
आणि वळणही थोडं त्याच्यासोबत गेलं.

"गोल आहे न ते," कुंपणापलीकडून डोमाजी नन्नावरे.
"गोल दगड कोनाचा हात धरत नाई, बाई."
नागभीडच्या छोट्या लाइनीवर चाबीवाले होते,
खांद्यावर हातोडा, रोज सहा किलोमीटर जाणं,
तेवढंच येणं.
लाइन उखडली तेव्हा ते रिटायर होऊन
अकरा वर्षं झाली होती, तरी दोन दिवस जेवले नाहीत
असं त्यांची सून सांगते.

पाचगावच्या क्रशरवर आम्ही माझ्या स्कूटीवर गेलो.
मे महिना. ढीग तव्यासारखे.
चाळीसची, वीसची, दहाची, मग चुरी.
"स्लॅब टाकाचा का?" मुनीम म्हणाला.
डोमाजींनी चुरीची मूठ वळली, दाबली,
उघडून तळवा पाहिला. लाल ठिपके.
"हे चालते. टोचली पायजे."

घरी गव्हाची चाळणी वर, रव्याची खाली.
वरचं फेकलं, खालचं फेकलं,
मधलं सात पाण्यांनी धुतलं
तेव्हा काळ्या दगडाचा काळा रंग दिसला.
दोन्ही चाळण्या आता स्वयंपाकघरात परत येणार नाहीत.

मी म्हटलं, फेविकॉल पातळ करून ओतू, हलणार नाही.
ते काही बोलले नाहीत. बिडी विझवली.
मग म्हणाले, "चिपकवाल तं पानी कुठून जाईन?
अन् उद्या उचलाव लागलं तं?"

गुडघ्याखाली पोतं घेऊन बसले.
स्लीपर आगकाडीनं उचलायचा,
स्क्रूड्रायव्हरनं खालून ठासायचं, दोन्ही बाजूंनी,
समोरासमोर, तिरपं.
मध्येच टोकानं ठक करून थांबायचे,
उजवा कान खाली. डावा गेलाय.
"इथं पोकड आहे."
मला काहीच ऐकू यायचं नाही.
तिथं पोकळच असायचं.

तिसऱ्या दुपारी कूलरची टाकी भरून वाहिली,
फलाटापाशी खड्डेच खड्डे.
मी सगळं लहान केलं होतं: रूळ, स्लीपर,
सिग्नलचा हात, बाकावरची बाई.
थेंब मात्र
पूर्ण मापाचा पडतो.

पुन्हा भरायला घेतलं तेव्हा त्यांनी
बनियनच्या खिशातून एक दगड काढला.
मुठीएवढा, एका अंगाला तेलाचा जुना डाग.
उखडायच्या आदल्या दिवशी उचललेला.
धोतराच्या फडक्यात बांधला, फरशीवर ठेवला,
आणि हातोडा मला दिला.

मी म्हटलं, असू द्या ना, आठवण.
"बाई, कपाटात ठेवून गिट्टी काय करते?"

फोडला. चाळला. धुतला.
एका दगडाची झाली वीतभर गिट्टी.
कुठली वीत, ते आम्हा दोघांना माहीत होतं;
महिन्याभरात धूळ बसली,
आता मला नेमकी सांगता येत नाही.
ते स्क्रूड्रायव्हर टेकवून सांगतात. खोटं बोलत असतील.

काल संध्याकाळी इंजिन तिथून गेलं
आणि मागोमाग एक डोंगळा आला,
एक खडा तोंडात धरून निघाला सीताफळाकडे.
मी बोट पुढे केलं.
"नेऊ द्या जी," डोमाजी म्हणाले.
"गिट्टी जातेच. दरसाल टाकाव लागते."